गोव्याच्या चाळीसही आमदारांना खुलं पत्र: खनिज आमचं विकलंत, पैसे कुठे ठेवले?

गोवा विधानसभेतल्या सगळ्या आमदारांना,

नमस्कार. सत्तेतले आणि विरोधातले असे सगळ्यांना एकदमच लिहितोय, कारण या विषयात कोण कुठल्या बाकावर बसलाय याने काही फरक पडलेला मी तरी बघितला नाही. खाणी चालू करा म्हणून सगळेच बोलता, ट्रकवाल्यांच्या मोर्चात सगळेच जाऊन आलात, बार्जवाल्यांना सगळ्यांनीच शब्द दिले. चालू करा, माझी हरकत नाही. मी डिचोली तालुक्यातला माणूस, खाण बंद पडली की बाजारात काय होतं, कोणाचा ट्रक बँकवाले ओढून नेतात, कोणाच्या मुलीचं लग्न पुढे जातं ते मला कोणी समजावून सांगायला नको. पण एक साधा हिशेब आहे जो विधानसभेत कोणी पूर्ण मांडत नाही: एका टनामागे आपल्याला, म्हणजे गोव्याच्या लोकांना, मिळतात किती, आणि मिळाले ते पुढे जातात कुठे.

आधी मालकीचं बोलू, कारण इथेच सगळी गडबड आहे. आपल्याकडे लोक अजून सहज म्हणतात की ही अमक्या शेटची खाण, ती तमक्याची खाण. शेटची कधीच नव्हती. पोर्तुगीजांच्या काळात १९०६ च्या खाण कायद्याखाली कन्सेशन दिली गेली, तीसुद्धा कायमची, पण खनिज सरकारचंच होतं, फक्त काढायचा हक्क दिला होता. मुक्तीनंतर २५-२६ वर्षं ते तसंच चाललं, मग १९८७ मध्ये केंद्राने कायदा करून ती कन्सेशन रद्द केली आणि त्यांची लीज केली. लीज म्हणजे भाड्याने दिलेली गोष्ट. २०१९ च्या राष्ट्रीय खनिज धोरणात तर सरळ लिहिलंय की खनिज हा सगळ्यांचा सामायिक वारसा आहे आणि सरकार फक्त विश्वस्त, पुढच्या पिढ्यांनाही त्याचा फायदा मिळाला पाहिजे. म्हणजे तुम्ही चाळीसजण ट्रस्टी आहात. देवस्थानच्या ट्रस्टीला वर्षाला जत्रेचा हिशेब द्यावा लागतो, नाही दिला तर महाजन सभेत कपडे फाडतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुमच्यातले अर्धेअधिक कुठल्या ना कुठल्या देवस्थानचे महाजन आहेत.

आता रॉयल्टी. २५ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की रॉयल्टी म्हणजे टॅक्स नव्हे, लीज घेणाऱ्याने खनिज काढायच्या हक्कापोटी मालकाला द्यायचा तो मोबदला आहे. पेपरांनी मथळा केला तो दुसऱ्या भागाचा, की राज्यांना खनिजाच्या जमिनीवर वेगळा टॅक्स लावता येईल, आणि झारखंडने तर त्याच वर्षी सेसचा कायदा करूनही टाकला. पण माझ्यासारख्याला पहिला भागच मोठा वाटतो. टॅक्स असता तर ठीक, टॅक्स जमा होतो, खर्च होतो, पुढच्या वर्षी परत येतो. हा तर माल विकून आलेला पैसा आहे, आणि माल परत येणार नाही. शेत विकून आलेल्या पैशातून कोणी दर महिन्याचं लाईट बिल भरायला लागलं तर आपण त्याला काय म्हणू?

तुमचं उत्तर मला माहीत आहे, दर केंद्र ठरवतं, आमच्या हातात काय आहे. खरंय, अर्धं. १९५७ च्या एमएमडीआर, म्हणजे केंद्राच्या खाण-खनिज कायद्यात खनिजाची रॉयल्टी राज्याला मिळते पण दर केंद्राने ठरवायचा, आणि तीन वर्षांत एकदाच वाढवता येतो. त्या दरांनी गोव्याचं काय झालं ते बघा. २००९ च्या ऑगस्टपर्यंत लोखंडाच्या खनिजावर रॉयल्टी टनाला ठराविक रुपये अशी होती, ग्रेडप्रमाणे, म्हणजे मालात लोह किती टक्के त्याप्रमाणे, ४ रुपयांपासून २७ रुपयांपर्यंत. चार ते सत्तावीस रुपये टनाला! आणि हेच ते दिवस जेव्हा २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आसपास चीन मिळेल तो माल उचलत होता, आंतरराष्ट्रीय भाव टनाला १०० डॉलरच्या वर गेला होता, आपला हलका मालही, जो आधी कोणी विचारत नव्हतं, तोही जहाजात भरून जात होता. एका टिपरमध्ये १० टन. म्हणजे सगळ्यात वरच्या ग्रेडचा माल असला तरी एका ट्रकमागे गोव्याला २७० रुपये, हलका असला तर शंभरेक. मासळीच्या एका थाळीचे पैसे. बाकीचं कुठे गेलं ते मडगाव-पणजीतल्या इमारती बघून कळतं.

१३ ऑगस्ट २००९ ला दर किमतीच्या १० टक्के झाला आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५ टक्के. सुधारणा आहे, नाही म्हणत नाही. पण १५ टक्के कशाचे? तर नागपूरच्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सने दर महिन्याला राज्यवार, ग्रेडवार जाहीर केलेल्या सरासरी विक्री भावाचे. आणि ब्युरो ती सरासरी काढतो कशावरून, तर खाणवाल्यांनी आपल्या महिन्याच्या रिटर्नमध्ये भरलेल्या खाणीवरच्या भावावरून, म्हणजे जेटीपर्यंतची वाहतूक, लोडिंग वगैरे वजा करून जे उरतं त्यावरून. ज्याने पैसे द्यायचे त्यानेच भाव सांगायचा. आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकलं तर ती विक्री धरायची नाही असा नियम आहे म्हणा, पण ते तपासायला माणूस लागतो, आणि आपल्या खाण खात्यात माणसं किती आणि खाणी किती याचा हिशेब तुम्हीच एकदा सभागृहात मागवा.

ग्रेडचं सांगतो, कारण ते मी जवळून बघितलंय. कॉलेज संपल्यावर काही काळ मी एका जेटीजवळच्या वजनकाट्यावर होतो, कंपनीचं नाव घेत नाही. ट्रक काट्यावर चढायचा, ड्रायव्हर खिडकीतूनच हात बाहेर काढून चिठ्ठी मागायचा, मागे रांग लागलेली, सगळे हॉर्न मारतायत, कारण दिवसाच्या ट्रिपा वाढल्या तर त्याला पैसे. चिठ्ठीवर ट्रक नंबर, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, हे सगळं काटा सांगायचा. ग्रेडचा रकाना मात्र काटा सांगत नाही ना, तो आकडा सकाळीच ऑफिसातून यायचा आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या चिठ्ठ्यांवर तोच. खाणीच्या खड्ड्यातल्या कुठल्या पायरीवरचा माल आहे, वरचा की खालचा, कोणी बघायचं नाही. सरकारचा माणूस मी तिथे बघितला तो सही घ्यायला आलेला, चहा पिऊन गेला. तेव्हा मला वाटायचं की एक टक्का इकडे-तिकडे झाला तर काय होतं. आता कळतं काय होतं: सरासरी भावाचे स्लॅब असतात, ५५ ते ५८ टक्के लोह एक स्लॅब, ५८ ते ६० दुसरा, रॉयल्टी त्यावर. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून परत ५८ च्या खालच्या मालाला निर्यात शुल्क शून्य आणि ५८ च्या वर ३० टक्के, ते शुल्क दिल्लीला जातं ही गोष्ट वेगळी. म्हणजे ५७.९ लिहिलं की ५८.१ यात एका बार्जमागे लाखांचा फरक. आणि तो आकडा कोण लिहितो? आज सिस्टम ऑनलाइन आहे, ई-परमिट आहेत, जीपीएस आहे, मान्य. पण कॉम्प्युटरमध्ये ग्रेड टाकणारा माणूसच असतो, आणि नमुना कोणाच्या लॅबमध्ये तपासला हे लोकांना दिसत नाही.

बरं, आता जे पूर्णपणे तुमच्या हातात होतं त्यावर येतो. सुप्रीम कोर्टाने २१ एप्रिल २०१४ ला, गोवा फाउंडेशन या पर्यावरणवाल्या संस्थेच्या केसमध्ये, स्पष्ट सांगितलं होतं की सगळ्या लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ ला संपलेली आहे आणि त्यानंतरचं खाणकाम बेकायदा. म्हणजे घर रिकामं झालं होतं, नवा भाडेकरू, नवं भाडं, सगळं नव्याने ठरवायची पन्नास वर्षांतली पहिली संधी. दिल्लीत लिलावाचा कायदा येणार हे उघड होतं, १२ जानेवारी २०१५ ला ऑर्डिनन्स आलंच. आणि आपल्या सरकारने काय केलं? नोव्हेंबर २०१४ पासून त्या १२ जानेवारीपर्यंत ८८ लीज जुन्याच लोकांना रिन्यू करून दिली, स्टॅम्प ड्युटी भरून घेतली म्हणाले. घाई इतकी की शेवटची काही तर ऑर्डिनन्स निघाला त्याच आठवड्यात. लिलाव नाही, प्रीमियम (म्हणजे लिलावात बोली लावून रॉयल्टीच्या वर द्यायचा मालाच्या किमतीचा हिस्सा) नाही, २०-२० वर्षं. तेव्हाच्या विधानसभेतले किती जण बोलले? शेवटी परत कोर्टालाच ७ फेब्रुवारी २०१८ ला ती ८८ च्या ८८ रद्द करावी लागली आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी परत ठप्प. त्या बंदीचा शिव्याशाप आमच्याकडे अजून पर्यावरणवाल्यांना मिळतो. रिन्युअलवर सही करणाऱ्यांना का नाही मिळत हे मला कळलेलं नाही.

आणि मग त्यानंतर चार वर्षं काय चाललं होतं, तर १९८७ चा कायदा बदला आणि जुन्यांनाच २०३७ पर्यंत मुदत द्या, ही मागणी घेऊन दिल्लीच्या वाऱ्या. त्यात सगळे पक्ष होते, कोणी आता हात झटकू नये.

शेवटी २०२२ मध्ये लिलाव झाला. डिचोलीचा ब्लॉक, म्हणजे लिलावाला काढलेला खाणीचा पट्टा, वेदांता कंपनीने ६३.५५ टक्के प्रीमियमवर घेतला. म्हणजे काय ते आमच्या ट्रकवाल्यांनाही कळेल असं सांगतो. समजा त्या ग्रेडचा सरासरी भाव टनाला २,००० रुपये आहे, हिशेबाला सोपा म्हणून धरतो. १० टनांचा ट्रक, माल २०,००० चा. जुन्या पद्धतीने, लिलावाशिवाय, रॉयल्टी ३,०००, डीएमएफ म्हणजे जिल्हा खनिज निधी रॉयल्टीच्या ३० टक्के म्हणजे ९००, खनिज शोधाच्या केंद्राच्या ट्रस्टला रॉयल्टीच्या, तेव्हाच्या दराने, २ टक्के म्हणजे ६०. झाले ३,९६०. लिलावाच्या पद्धतीने रॉयल्टी तीच ३,०००, डीएमएफ १० टक्क्यांनी ३००, ते ६०, आणि वर प्रीमियम १२,७१०. एकूण १६,०७०. एका ट्रकमागे १२ हजारांचा फरक, आणि खाण तीच, डोंगर तोच, ड्रायव्हरसुद्धा तोच. २०१४-१५ मध्ये ८८ लीजवर सही करताना हा फरक कोणाच्या खिशात घालत होतात ते आता कागदावर दिसतंय.

लगेच कोणीतरी म्हणेल की कंपनी इतके पैसे देऊन खाईल काय. बरोबर प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर परत त्या सरासरी भावातच आहे. ओडिशात २०२० च्या लिलावात तर बोली १०० टक्क्यांच्याही वर गेल्या, जाजंगच्या खाणीला ११०, गनुआच्या खाणीला १३२ टक्के. भावापेक्षा जास्त प्रीमियम? माल फुकट देऊन वर पैसे द्यायचे? स्टील प्लांटवाल्यांना मालाची खात्री हवी असते आणि त्यांची खरी गरज त्या खाणीवरच्या कागदी भावापेक्षा बरीच महाग असते, म्हणून परवडतं. मला तरी याचा अर्थ असा दिसतो की तो जाहीर भावच कमी आहे. दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही: जाजंगची खाण जेएसडब्ल्यूने नंतर परत करायला काढली. म्हणजे मोठी बोली लागली म्हणून पेढे वाटायचे नाहीत, माल निघाला आणि पैसे जमा झाले तर खरं. आपल्याकडेही लिलावाच्या दिवशी फोटो येतात, टक्केवारी येते, पण कुठल्या ब्लॉकमधून किती टन निघाले आणि प्रीमियम किती जमा झाला हे विचारायला तारांकित प्रश्नच लागतो. वर महाराष्ट्रात, गडचिरोलीतल्या सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीला तर हेही नाही, ते लीज २००७ चं, लिलावाच्या आधीचं, तिथे रॉयल्टी आणि ३० टक्के डीएमएफ एवढंच. तिथल्या मराठी माणसांनी आपल्या आमदारांना वेगळं पत्र लिहावं. (आणि अमेरिकेत १८७२ चा कायदा अजून चालतो, त्यात सरकारी जमिनीतल्या सोन्या-तांब्यावर केंद्राची रॉयल्टी शून्य. तेव्हा जगात आपणच एकटे बावळट असं नाही, एवढंच समाधान.)

आता पैसे आले, गेले कुठे? तुमच्या बजेटच्या पुस्तकात शोधलं तर रॉयल्टी करेतर महसुलात, ०८५३ या शीर्षाखाली सापडते, शीर्षाचं नाव नॉन-फेरस मायनिंग, आणि त्यात जमा काय तर लोखंडाचे पैसे, असो, ते दिल्लीने ठरवलेलं नाव आहे. महत्त्वाचं म्हणजे ते महसुलात जातं. त्यातून पगार, पेन्शन, अनुदान, फेस्टिव्हल, रस्त्याचं डांबर. एकदा महसुलात मिसळलं की कुठला रुपया डोंगराचा आणि कुठला दारूच्या परवान्याचा हे कोणाला ओळखता येत नाही. आणि ज्या वर्षी खाण बंद त्या वर्षी खजिना रिकामा म्हणून रडगाणं, कर्ज काढा. साठ वर्षं खनिज विकणाऱ्या राज्याकडे गाठीला काय उरलं?

२०१४ च्या त्याच निकालात कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विकलेल्या मालाच्या किमतीचे १० टक्के एका कायम निधीत टाकायला सांगितले, गोवन आयर्न ओअर परमनंट फंड, पुढच्या पिढ्यांसाठी. कोर्टाला सांगावं लागलं हीच लाजेची गोष्ट, पण ठीक. माझं म्हणणं एवढंच की १० टक्के हा कोर्टाने घातलेला किमान आकडा आहे, तुम्हाला तेवढ्यावर थांबा असं कोणी सांगितलेलं नाही. रॉयल्टी आणि लिलावाचा प्रीमियम हे सगळंच त्या निधीत जायला पाहिजे आणि बजेटला फक्त त्याचं व्याज, तेही महागाई वजा करून. हे काही स्वप्न नाही. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा केला, १९९६ मध्ये तेलाचा पहिला पैसा निधीत टाकला, आज तिथलं सरकार साधारण ३ टक्क्यांच्या अपेक्षित परताव्याएवढंच दरवर्षी वापरतं, मुद्दलाला हात लावत नाही. अलास्काने १९७६ ला निधी काढला आणि १९८२ पासून तिथल्या प्रत्येक रहिवाशाला दरवर्षी त्यातून चेक जातो, लहान मुलांनासुद्धा. आपले पंधरा-सोळा लाख लोक. ‘गोंयची माती’ या चळवळीवाल्यांनी हा नागरिकांच्या लाभांशाचा मुद्दा कधीपासून मांडलाय, त्यांच्याशी तुमचं बाकी काही पटत नसेल तरी ह्या एका गोष्टीवर सभागृहात दोन तास घालवायला काय हरकत होती?

डीएमएफबद्दल थोडक्यात. हे पैसे खाणीच्या आजूबाजूच्या गावांचे आहेत, २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यातले किमान ७० टक्के पाणी, आरोग्य, शिक्षण असल्या कामांवर गेले पाहिजेत. शिरगावात विहिरींचं काय झालं ते सगळ्या गोव्याला माहीत आहे. मये, मुळगावची शेतं गाळाने भरली. आणि नव्या ब्लॉकच्या नकाशात लोकांची घरं, देवळं, तळी आली म्हणून माणसं ग्रामसभेत ओरडतायत, ती कापून बाहेर काढा एवढंच मागतायत. प्रीमियमची टक्केवारी सांगताना हा खर्च कोणी वजा करत नाही. तो गावाने भरायचा असतो.

तर आता मागणं. भाषण नको, प्रश्न मीच लिहून देतो, पुढच्या अधिवेशनात चाळीसांपैकी कोणीही एकाने टाकावा, पक्ष कुठलाही चालेल. लिलाव झालेल्या प्रत्येक ब्लॉकमधून आजपर्यंत महिन्यागणिक किती टन, कुठल्या ग्रेडचा माल निघाला, त्यावर ब्युरोचा भाव काय होता आणि निर्यातीच्या शिपिंग बिलावर भाव काय होता. दोन्ही शेजारी शेजारी छापून द्या, फरक आम्ही काढू. ग्रेडचे नमुने कोणी काढले, कुठल्या लॅबमध्ये तपासले, आणि खात्याने स्वतः किती वेळा फेरतपासणी केली. २२ नोव्हेंबर २००७ नंतरच्या बेकायदा मालाची वसुली कोणाकडून किती येणं आहे आणि किती आली, नावासकट, कारण कायद्यात अशा मालाची पूर्ण किंमत वसूल करायची तरतूद आहे आणि बेकायदा खाणींची चौकशी केलेल्या शहा कमिशनच्या ३५ हजार कोटींच्या आकड्याशी भांडून ती तरतूद रद्द होत नाही. परमनंट फंडात आज शिल्लक किती, कुठल्या बँकेत, किती व्याजाने, आणि त्यातून आजपर्यंत एक रुपया तरी बाहेर काढलाय का. आणि डंपचा, म्हणजे खाणीतून काढून बाजूला टाकलेला माल, जो आमच्या डोळ्यासमोर डोंगरासारखा पडलाय, तो कोणाचा धरून, कुठल्या भावाने, कोणाला देताय.

उत्तर "माहिती गोळा करण्यात येत आहे" असं आलं तर ते चालणार नाही. प्रत्येक ट्रकची चिठ्ठी असते.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक मतदार